दीड धावेचं ओझं

दुपारी दोनला टीव्हीवर बेसबॉलचा सामना लागतो. सकाळी झालेलाच, परत दाखवतात. अमेरिकेत रात्र असते तेव्हा इथं सिंगापुरात सकाळ, म्हणून खरा सामना सकाळी सातला सुरू होऊन संपूनही जातो आणि दोनला दाखवतात ती त्याची शिळी भाकरी. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर इचलकरंजीत माग चालवला. बायको शेजारच्या शेडमध्ये कांड्या भरायची. मुलगा शिकला, इथल्या बँकेत हिशेबाच्या कामाला लागला, क्वीन्सटाउनमध्ये जुन्या ब्लॉकात फ्लॅट घेतला आणि आम्हाला घेऊन आला. सकाळी तो आणि सून ऑफिसला गेले की घरात आम्ही दोघंच. टीव्हीवर चॅनल शंभर, भाषा एक कळेल तर शपथ. क्रिकेट रोज नसतं. मग हे चेंडूफळीचं भलतंच काहीतरी दिसलं. माणूस उभा राहून खांद्यावरून चेंडू फेकतो, दुसरा जाड लाकूड फिरवतो, आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. बायको म्हणाली, हे बरं आहे, मधेच उठून भाजी परतून येता येते.

खेळ कळला तो खालच्या अंकलमुळं. ब्लॉकच्या खाली दगडी टेबलं आहेत, तिथं हा म्हातारा सकाळी बसलेला असायचा. मूळचा तैवानचा. तिकडं म्हणे पोरं चालायला लागली की बेसबॉल खेळतात. त्याला इंग्रजी माझ्याएवढंच, म्हणजे नाहीच. दोघं हातवाऱ्यानं बोलायचो. सामना कोण जिंकणार हे आधी ओळखायचा त्याला नाद. त्यावर तो पैसे लावायचा की नाही मी कधी विचारलं नाही. इथं असल्या जुगाराला कायदा कडक आहे, आणि मी मुलाच्या पासावर, म्हणजे त्याच्या नावच्या परवान्यावर, राहणारा माणूस. पण ओळखायचं कसं, ते त्यानं मला शिकवलं. कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, रिकामे कप मांडून शिकवलं.

पहिला कप म्हणजे चेंडू फेकणारा, पिचर. तो कितीदा फेकून आलाय, मधे किती आराम मिळालाय. दुसरा कप, त्याच्यामागून येणारे बदली पिचर. पहिला माणूस अर्ध्याच्या पुढं दमतो, मग हे येतात. काल, परवा हेच राबले असतील तर आज त्यांचे खांदे गेलेले. तिसरं म्हणजे वारा. हे सांगताना अंकल बोट थुंकीनं ओलं करून वर धरायचा. वारा मैदानातून बाहेर वाहत असला तर मारलेला चेंडू लांब जातो, धावा जास्त होतात. आत येत असला तर चेंडू खाली पडतो. मैदानावरचे झेंडे बघायचे. चौथं, कुठला संघ रात्रभर विमानात बसून आलाय. आणि संघाचं नाव सगळ्यात शेवटी. नाव बघून पैज मारतो तो गाढव, असं तो बोटं कानाजवळ हलवून दाखवायचा.

एक नियम त्यानं छातीवर हात ठेवून सांगितला. जो संघ जिंकावा असं इथं आत वाटतं, त्या सामन्याला हात लावायचा नाही. "कॅनॉट ला," म्हणाला. "आय सी नथिंग." म्हणजे मग डोळ्यांना काही दिसत नाही.

आमच्याकडं जत्रेच्या कुस्तीत जोड लावणारा जाणता माणूस असतो. दोन्ही गडी सारखे हवेत, नाहीतर बघणाऱ्याला मजा नाही. बेसबॉलमध्ये गडी सारखे मिळत नाहीत, म्हणून पैज लावणारे बलवान संघावर दीड धावेचं ओझं टाकतात. म्हणजे तो निदान दोन धावांनी जिंकला तरच जिंकला. एकीनं जिंकला तर पैजेत हरला. अर्धी धाव कशाला, असं बायकोनं विचारलं. बरोबरी होऊ नये म्हणून, मी म्हणालो. ती म्हणाली, सासूबाईंनी असंच केलं असतं, भांडण कधी बरोबरीत सुटू द्यायच्या नाहीत.

आम्ही दोघं खेळायला लागलो. पैशाचं नाव नाही. हरेल त्यानं चहा करायचा. नियम एकच, काल जिंकलेल्यानं आज आधी संघ निवडायचा, उरलेला दुसऱ्याचा. मी अंकलचे कप मनात मांडायचो. ती पिचरचं तोंड बघायची. म्हणायची, याचं घरी काहीतरी बिनसलंय, किंवा, याचा उजवा खांदा उतरलाय. मी हसायचो आणि चहा करायचो. बऱ्याचदा मीच करायचो. मग ती वरून म्हणायची, "अहो, पोरगं बँकेत हिशेब करतं आणि तुम्ही रोज हरता, तुमच्यावर दीड धावेचं ओझं कुणी टाकलं? घ्या की माझ्याकडून दीड." मी घेतलं नाही कधी. आलं जास्त घातलं म्हणून तिनं माझ्या चहाला नावंही ठेवली.

मग तिला पोटाचा आजार निघाला. मुलानं चांगल्या इस्पितळात दाखवलं. केमो सुरू झालं. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी विचारू नये. तिची अन्नावरची वासनाच गेली. भाताची पेज करायची, मीठ, जिऱ्याची चिमूट, आणि वाटी पुढं धरली की ती भिंतीकडं तोंड करायची. सून बिचारी रडायची. मुलगा इंटरनेटवरून पावडरी मागवायचा. त्या पावडरींचा वास मलाही सहन व्हायचा नाही.

मी म्हणालो, पैज लावू. तू हरलीस तर वाटीभर पेज प्यायची. मी हरलो तर त्या दिवशी पेजेचं नाव काढणार नाही. हे तिला पटलं. आता ती सकाळी औषधाच्या गुंगीत झोपलेली असायची, म्हणून आम्ही दोनचा, परत दाखवतात तो सामना बघायला लागलो. पहिले काही दिवस खरं खेळलो. ती जिंकली, आणि तिच्या पोटात काही गेलं नाही. मग एका दिवशी सरळ खेळून मी जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी आधी निवडायची पाळी माझी आली.

त्या दिवशी सकाळी सातला मी टीव्ही लावला. आवाज पार बंद. शेवटपर्यंत बसून कोण जिंकलं ते बघितलं आणि दुपारी तोच संघ घेतला. ती हरली. पेज प्याली. जिंकलेला आधी निवडणार हा आमचाच नियम, त्यामुळं दुसऱ्या दिवशीही पाळी माझीच. मग रोज तेच. सकाळी बघायचं, दुपारी निवडायचं, वाटी रिकामी. मला याची लाज तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही. वाटी रिकामी होत होती.

पण दुखणं हटत नव्हतं. डॉक्टर दर वेळी नवं औषध काढायचा आणि त्यानं किती जणांना बरं वाटतं ते सांगायचा. मुलगा ते कागदावर मांडायचा. ती ऐकून घ्यायची. एक दिवस इस्पितळातून टॅक्सीनं आलो, ती बिछान्यावर पडली आणि छताकडं बघत म्हणाली, "अहो, उद्याच्या पैजेत पेज नको. मी जिंकले तर ते केमो बंद. तुम्ही जिंकलात तर म्हणाल तितके दिवस घेते, तक्रार करणार नाही."

मी म्हणालो, असं खेळावर ठरवतात होय? ती म्हणाली, "मग कशावर ठरवायचं? तुम्ही सोडायचं म्हणणार नाही. पोरगा म्हणणार नाही. मी म्हणाले तर तुम्ही दोघं मिळून मला गप्प करता." खरं होतं ते. मी हो म्हणालो.

आता बघा. आधी निवडायची पाळी माझी. सकाळी सातला टीव्ही लावला की झालं, दुपारी जिंकणारा संघ माझा. सहाच्या सुमाराला उठलो. सात वाजले तसा रिमोट हातात घेतला. तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आतून तिचा श्वास ऐकू येत होता, थांबत थांबत, रहाटाच्या पाण्यासारखा. मी रिमोट ठेवला, सदरा घातला आणि खाली गेलो.

अंकल टेबलावर मोबाइलमध्ये सामनाच बघत होता. मला बघून मोबाइल माझ्याकडं फिरवायला लागला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. त्याला वाटलं मला काही झालं. मी बोटानं मोबाइल दाखवला, नको म्हणून मान हलवली, मग वर आमच्या खिडकीकडं बोट केलं. त्याला किती कळलं देव जाणे. त्यानं मोबाइल पालथा घातला आणि हॉकर सेंटरमधून, म्हणजे पलीकडच्या खाण्याच्या टपऱ्यांतून, दोन कोपी आणल्या. सामना संपेपर्यंत आम्ही दोघं म्हातारे पालथ्या मोबाइलसमोर बसून राहिलो. मधेमधे तो कण्हायचा. त्याला नाद होता ना, आणि माझ्यापायी बघता येत नव्हतं.

दोनला मी तिला उशीला टेकवून बसवलं. मी कप मांडले, मनात. एका बाजूचा पिचर त्या हंगामातला नावाजलेला, आराम करून आलेला. दुसरा नवखा. बलवानाचे बदली मात्र दोन दिवस राबलेले होते, तो दुसरा कप मी बघितला आणि बाजूला सारला. झेंडे बघितले. वारा आत येत होता. म्हणजे धावा कमी, चांगल्या पिचरला सोयीचं. मी बलवान संघ घेतला.

"दीड धाव देऊ का तुला?" मी विचारलं.

"नको. सरळ खेळा."

माझा पिचर फार सुंदर खेळला. ते सांगायला हवं. समोरचे लाकूड फिरवायचे आणि चेंडू मागं गेलेला असायचा. आम्ही दोन धावांनी पुढं. मी मनात विठोबाला नाही, त्या पिचरला म्हणत होतो, बाबा, टिक. अर्ध्याच्या पुढं त्यांनी त्याला बसवलं. बदली आला. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तिला कळलं. मलाही कळलं होतं, पण मी छातीतून बघत होतो, डोळ्यांनी नाही. एक बदली गेला, दुसरा आला. शेवटच्या डावात तिचा संघ एका धावेनं जिंकला. दीड दिली असती तरी, न दिली तरी, हरणारा मीच.

मी टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, "सकाळी तुम्ही खाली जाऊन बसलात. बरं केलंत."

रोजचं ते तुला कधी कळलं, मी विचारलं.

"वारा कुठला आहे हे तुम्ही बघायचं सोडलंत, तेव्हाच. आज बघत होता."

"मग रोज पेज कशाला प्यालीस?"

"तुम्ही पहाटे उठून एवढं सगळं करत होता," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?"

संध्याकाळी मुलगा आला. त्याला सांगितलं. तो आधी इंग्रजीत काहीतरी बोलला, मग मराठीत. म्हणाला, बाबा, आईच्या जिवाचं तुम्ही एका मॅचवर ठरवलं? शिकलेल्या माणसानं असं केलं असतं का? मी म्हणालो, तो डॉक्टर काय वेगळं करतो, तोही पैजेचा भावच सांगतो, इतक्यांत इतके जगतात. फक्त हरलं तर चहा त्याला करावा लागत नाही. मुलगा उठून गॅलरीत गेला. तिनं आतून हाक मारली, जवळ बसवलं आणि त्याचे केस मागं सारत म्हणाली, "त्यांनी नाही ठरवलं रे. मी जिंकले."

केमो बंद झालं. तिला थोडे दिवस बरे गेले. सुनेनं सेरंगून रोडवरच्या आपल्याकडच्या दुकानातून पेढे आणले, त्यातला एक तिनं सगळा खाल्ला. पेज मागून प्यायची, हवी तेव्हा. सामने बघायचो, पण पैज नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाली, आता पुरे, जिंकलेल्यानं उठायचं असतं. एका सकाळी मी पेज घेऊन गेलो तेव्हा ती गेलेली होती. टीव्ही बंद होता. वाटी मी हातात धरूनच बराच वेळ उभा होतो. सुनेनं काढून घेतली.

माझा अंकलवर राग नाही, डॉक्टरवर नाही, त्या बदली पिचरांवरही नाही. दमले होते ते. मी रात्री विचार करतो की सकाळी टीव्ही लावला असता तर ती आणखी काही दिवस सुया टोचून घेत राहिली असती आणि मी आणखी काही दिवस तिच्यासाठी भात शिजवला असता. ते दिवस मला हवे होते. तिला नको होते. एवढंच आहे, आणि एवढंच मला गिळवत नाही.

दोनचा सामना मी अजून बघतो. सकाळी टीव्ही लावत नाही. झेंडे बघतो, वारा बघतो. संघ मात्र निवडत नाही.

परवा अंकलनं दोन कप पुढं सरकवले, एक इकडं, एक तिकडं, आणि भुवया उडवून विचारलं, आज कोण?

मी म्हणालो, माझी पाळी नाही. शेवटची ती जिंकली, आधी तिनं निवडायचं.

मराठीतच बोललो. त्याला काय कळणार. त्यानं थोडा वेळ वर आमच्या खिडकीकडं बघितलं, आणि दोन्ही कप पालथे घातले.