दारूचा परवाना

माझ्या थोरल्या साडूंइतका कायद्याला भिणारा माणूस अख्ख्या अहमदपूर तालुक्यात झाला नाही, आणि त्यांचा धंदा होता विहिरीत सुरुंग उडवण्याचा. स्फोटकांच्या परवान्यावरच्या अटी त्यांना पोथीसारख्या पाठ होत्या. वात पेटवण्याआधी लाल फडकं हलवत चारही दिशांना "बार हाय हो, बार!" असं तीनदा ओरडत. ही सवय इतकी मुरली होती की शिंक आली तरी आधी हात वर करून शेजाऱ्यांना मागे सरकवत. कुकर तापला की पाहुण्यांना अंगणात काढत. म्हणत, "दाबात ठिवलेली वस्तू हाय ती."

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा जुन्या जिल्ह्याहून आलेल्या फायली लावायला मी कारकून म्हणून बसलो होतो. एका फायलीवर लिहिलं होतं, 'दारू बाळगण्याचा परवाना'. मी न उघडताच ती देशी दारूच्या गठ्ठ्यात टाकली. ती साडूंची होती. सुरुंगाच्या दारूची.

नूतनीकरणाला आलेल्या साडूंना कोणीतरी दारूबंदीवाल्यांकडे धाडलं. तिथल्या साहेबानं विचारलं, "काय चालवता?"

"बार."

"कुठं?"

"विहिरीत."

गळ्यात इष्टलिंग असलेल्या, सुपारीही न खाणाऱ्या त्या माणसाला साहेबानं तोंडाचा वास द्यायला लावला. हे ऐकून मी पोट धरून हसलो, आणि हसता हसताच ती फाईल कुठे गेली ते मला कळलं. पण ती परत काढायची तर चूक कबूल करावी लागली असती, आणि माझी नोकरी कच्ची होती. मी म्हणालो, "जुन्या जिल्ह्यानं फाईलच पाठवली न्हाई."

जुन्या कागदाशिवाय नवा मिळेना. त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या, लोक त्यांच्या दारात बसले. "अप्पा, उडवा की बार, कोण बघायलंय?"

"म्या बघायलोय," ते म्हणत.

दर सोमवारी ते कचेरीत येत. "पाव्हणं, आला का कागद?" मी मान खाली घालून नाही म्हणायचो. "असू द्या. नवा जिल्हा हाय, तुम्हाला तरी किती काम!" असं म्हणून मलाच चहा पाजून जात. त्यांनी पुन्हा सुरुंग लावला नाही. त्यांच्या भावाची विहीर बारा हातांवर थांबली ती थांबलीच.

माझ्या निरोप समारंभात ते उभे राहून म्हणाले, "माझ्या कागदासाठी लई झिजला हा माणूस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.

आता ते नाहीत. एकदा त्यांनी यावं, चारचौघांत मला सणसणीत शिवी द्यावी, एवढंच वाटतं. शिवी त्यांना येत नव्हती. मी शिकवली असती.