गाळलेला निरोप

राजापूरची गंगा आईला आजवर चार वेळा चुकली, आणि चारही वेळा कारण मी होते.

पहिल्या तीन वेळी मी शाळेत होते. ही गंगा कधी येईल आणि कधी जाईल ते कुणालाच ठाऊक नसतं. डोंगरावरची कोरडी कुंडं एक दिवस अचानक भरतात, 'गंगा आली!' म्हणून जिल्हाभर बोभाटा होतो, लोक अंघोळीला धावतात, आणि मग एक दिवस ती न सांगता निघून जाते. माझ्या इंग्रजी शाळेच्या परीक्षा मात्र सांगून यायच्या आणि नेमक्या तेव्हाच यायच्या. "जाऊ दे, पुढच्या वेळी," आई म्हणायची. ते 'जाऊ दे' अशा आवाजात असायचं, की पेपर चांगला गेला तरी मला पाप लागल्यासारखं वाटायचं.

यंदा मी नोकरीला लागले होते. गंगा आल्याचं कळलं त्याच दिवशी रजा टाकली आणि राहायची सोय स्वतःच्या अंगावर घेतली. रत्नागिरीहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण आईला अंघोळ पहाटेचीच हवी होती, गर्दी व्हायच्या आत.

"फोन करून नीट विचारून घे हो," बाबा म्हणाले.

मी फोन करत नाही. (फोनवर माणसं उलट बोलतात.) मी ॲपवर फोटो बघितले. राजापूरच्या चढणीवर कौलारू घर, ओटीवर झोपाळा, खाली नदी. यजमान: सुरेश. केलं बुक!

त्या घरासमोर गाडी थांबली. बाबांनी एक पाय बाहेर टाकला, आणि दुसरा आतच राहिला. दारात त्यांचे सख्खे धाकटे भाऊ उभे होते.

गावच्या घराच्या दगडी कुंपणाला, गडग्याला, लागून असलेलं हापूसचं कलम कुणाच्या हद्दीत, यावरून हे दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कलम मागेच वादळात पडलं. भांडण उभं आहे. आमच्या घरात काकांचा उल्लेख 'तो माणूस' असाच होतो; तो हल्ली कुठे राहतो, काय करतो, हे कुणी विचारत नाही. ॲपवर 'यजमान: तो माणूस' असं लिहिलं असतं, तर मी लगेच ओळखलं असतं!

"फिरवा गाडी!" बाबा ड्रायव्हरला म्हणाले.

"मी गंगेला आल्येय, तुमच्या भावाकडे नाही," आई म्हणाली, आणि पिशवी घेऊन उतरली. पिशवीत नवी साडी होती आणि तांब्याचा गडू.

"ये गो बाय, केवढी झालीस!" काकूने माझे दोन्ही गाल धरले. बाबा ओटीवर जाऊन झोपाळ्यावर बसले. काका मागच्या पडवीत निघून गेले. मधे अख्खं घर, आणि घरात ये-जा करायला मी!

"तुझ्या काकाला सांग, चहात साखर घालायची पद्धत नसेल तर तसं ॲपवर लिहावं."

मी मागे गेले. "बाबा म्हणतात, चहा छान झालाय."

काका चपापले. "हं. दादाला सांग, झोपाळ्यावर जपून बस. फुकट ओरबाडायला तो काही आंबा नाही."

मी पुढे आले. "काका म्हणतात, आरामात बसा."

शाळेत मला उताऱ्याचा सारांश लिहिण्यात बक्षीस मिळालं होतं. आयुष्यात प्रथमच त्याचा उपयोग होत होता! चार वाजेपर्यंत बाबा म्हणू लागले, "सुधारलेला दिसतोय." काका म्हणाले, "दादा निवळला गो." चारचौघांत ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिने एका दुपारात दोन भाऊ जवळजवळ जोडले होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाच वाजता काकांनी मला पुन्हा बोलावलं.

"दादाला म्हणावं, जन्मभर सगळं उशिराच करत आलास, आज तरी अक्कल चालव. गोमुखाची धार सकाळपासून बारीक झाल्येय. उजेड आहे तोवर अंघोळी उरका. पहाटेच्या भरवशावर बसू नका."

हे मी बाबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "तो कोण मला अक्कल शिकवणारा?" आईला सांगितलं असतं तर तिने बाबांना सांगितलं असतं. सगळी दुपार पाण्यात गेली असती. शिवाय काकांना आम्हाला लवकर घालवायचं असेल, असाही एक संशय होताच. मी झोपाळ्यापाशी गेले.

"काय म्हणतो?"

"विचारतायत, जेवताना सोलकढी चालेल ना?"

"चालेल की!" बाबा म्हणाले.

पहाटे आई नवी साडी आणि गडू घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होती. मागून काकाही आले, अंतर राखून. कुंडांपाशी एक म्हातारे गृहस्थ पायऱ्या झाडत होते.

"रात्रीच गेली हो गंगा," ते म्हणाले. "काल तिन्हीसांजेपर्यंत होती."

गोमुख कोरडं. तळाशी थोडा गाळ आणि निर्माल्य. आईने गडू पिशवीत परत ठेवला, वर साडी नीट घडी करून ठेवली.

काका पुढे झाले. "दादा, मी निरोप पाठवला होता."

"कुणाबरोबर?"

दोघे माझ्याकडे वळले. अकरा वर्षांनी सख्ख्या भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट मी होते!

आता दोघे दर रविवारी फोनवर बोलतात. (तासभर! उलट!) आई मात्र माझ्याशी सरळ बोलत नाही. जे काही असेल ते बाबांमार्फत.

परवा मी धीर करून बाबांना विचारलं, "आई अजून रागावल्येय का?"

ते स्वयंपाकघरात जाऊन आले. "आई म्हणते, जाऊ दे, पुढच्या वेळी." माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी घसा खाकरला. "आणि म्हणते, पुढच्या वेळी हिला घरीच ठेवा."

शब्द न शब्द पोचवला. बाबा मराठी शाळेत शिकले. त्यांना सारांश येत नाही.