चांदीतली काच

पनवेलच्या बाजारात जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. मी तिथे बघतो भरपूर, घेतो क्वचित. तिथलं चांदीचं एक छोटं भांडं बरेच दिवस माझ्या मनात भरलं होतं. एकदा गेलो तर ते उलव्याकडच्या एका आजींच्या हातात. दुकानाबाहेर चपला काढून, देवळात यावं तशा त्या आल्या होत्या. भांड्याच्या आत कटग्लासची वाटी बसवलेली होती.

"ही आत कशाला?" त्यांनी विचारलं.

"इंग्रजांचं मिठाचं भांडं आहे," दुकानदार म्हणाला. "मीठ चांदीला खातं, म्हणून आत काच."

आजींनी वाटी अलगद बाहेर काढली आणि उजेडात फिरवली. पैलूंचे कवडसे त्यांच्या पायांवर पडले. टाचा पांढऱ्याफटक, खोल चिरलेल्या.

"आमचा जल्म मिठागरात गेला," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मीठ खातं, ते आमाला कोनी सांगाया नको. आमच्या पायांना काय काच नव्हती."

आवाजात तक्रार नव्हती. आज ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाल्या.

"बांधून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"चांदी नको," आजी म्हणाल्या. "काच तेवडी द्या."