लाल ठिपक्याची नळी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, मुखेड तालुक्यातल्या एका शेतात पिस्तूल चालवणाऱ्याच्या हातातच फुटले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. सेवेतली बहुतेक प्रकरणे आता पुसट झाली आहेत. हे मात्र पुसट झालेले नाही.

मी तेव्हा नांदेड जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. जखमीने ग्रामीण रुग्णालयात मळणीयंत्रात हात सापडल्याचे सांगितले होते आणि ठाणे अंमलदाराने तशीच नोंद घेतली होती. दुपारी त्या गावातल्या आमच्या बातमीदाराचा फोन आला. तो कधीच जास्त बोलत नसे.

"साहेब, मळणीत हात गेला म्हणून सांगून राहिलेत. त्याची तूर अजून रानात उभीच हाय."

दोन पंच घेऊन आम्ही शेतावर गेलो. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोपटात, कडब्याखाली, पोत्यात गुंडाळलेले पिस्तुलाचे तुकडे मिळाले. त्यांवर क्रमांक नव्हता. पंचनामा करून मुद्देमाल सील केला आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने जखमीचा जबाब घेतला. शेताच्या बांधावरून भावकीशी वाद होता, धाक बसावा म्हणून पिस्तूल घेतले आणि बाभळीवर चालवून पाहिले, एवढे त्याने लगेच कबूल केले. गावठी कट्टा कुठून आणला, असे विचारताच त्याला राग आला.

"गावठी घ्यायला मी काय येडा हाय का? कंपनीचा माल हाय म्हनून घेतला."

माझ्याबरोबरचा हवालदार त्याच्या बँडेजकडे बघत म्हणाला, "मग कंपनीला कळवू का, माल कसा निघाला ते?" त्यावर त्याने विकणाऱ्याचे नाव दिले. तो उदगीरचा, मोटारी दुरुस्त करणारा होता. आम्ही पोहोचलो तेव्हा दुकानाला कुलूप होते.

पण कंपनीच्या मालाबद्दल जखमी अर्धे खरे बोलत होता. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात म्हटले होते की बाकीचे भाग हाताने घडवलेले आहेत, नळी मात्र कारखान्यातल्या यंत्रावर तयार झालेली आहे. तिच्यात आधीपासून बारीक चीर होती. बाहेरच्या बाजूला खरवडलेल्या लाल रंगाचे कण होते.

परवानाधारकांसाठी पिस्तुले बनवणारा एक खासगी कारखाना तेव्हा लातूर जिल्ह्यात नवा सुरू झाला होता. सुटे भागही तिथेच तयार होत. पूर्वपरवानगी घेऊन आम्ही तिथे गेलो. तपासणी विभागाची पद्धत समजून घ्यायला अर्धा दिवस लागला. प्रत्येक नळी तपासली जाई. उत्तीर्ण नळीवर क्रमांक पडे. नापास नळीवर लाल ठिपका पडे आणि ती कुलुपाच्या लोखंडी पेटीत जाई. दर शुक्रवारी पेटी उघडून नापास नळ्यांचे कटरवर दोन तुकडे करायचे, नष्ट मालाच्या नोंदवहीत लिहायचे आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. एक सही पर्यवेक्षकाची, दुसरी तपासनीस बाईंची.

ही तपासनीस चाळिशीची, उदगीरकडची. कपाळावर विभूतीची बारीक रेघ. कामगार तिला अक्का म्हणत. ती नापास फार करते, अशी तिच्याविषयीची एकमेव तक्रार ऐकायला मिळाली.

नोंदवहीप्रमाणे एकही नळी शिल्लक नव्हती. सगळ्या कापलेल्या होत्या. मग चीर गेलेली एक नळी मुखेडला कशी पोहोचली? पर्यवेक्षकाने शांतपणे सांगितले की पेटीची किल्ली अक्कांकडे असते. ते खरे होते. नळी नापास करणारी तीच, कापली म्हणून सही करणारी तीच, किल्लीही तिच्याचकडे. दोन दिवस तिची चौकशी केली. प्रत्येक प्रश्नाला तिचे उत्तर एकच होते: ठिपका माझा आहे, सही माझी आहे, नळी मी दिलेली नाही. सराईत माणूस निदान एखादा पुरावा नाकारतो. ती एकही पुरावा नाकारत नव्हती. ते माझ्या लक्षात आले, पण त्याला मी महत्त्व दिले नाही. आरोपी क्रमांक तीन म्हणून तिच्या अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

अटकेपूर्वी एक पुरवणी जबाब राहिला होता. महिला शिपाई घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. घर तिच्या पगारावर चालत होते. अटक झाली तर नोकरी त्याच दिवशी जाणार, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होते. सासूने आमच्यापुढे चहा ठेवला. महिला शिपाई नको म्हणाली.

"घ्या की वो बाई," म्हातारी म्हणाली. "चोराच्या घरचा च्या इतका गोड ऱ्हात न्हाई."

मी नोंदवहीच्या छायाप्रती अक्कांपुढे ठेवल्या आणि प्रत्येक पानावरची सही ओळखायला सांगितली. तिने चष्मा लावला. सह्या पाहायच्या सोडून ती ओळीवर बोट ठेवून पहिल्या रकान्यापासून वाचू लागली. हवालदाराने घड्याळाकडे पाहिले. मीही तिला घाई केली. ती थांबली नाही. चौथ्या पानावर तिचे बोट थांबले.

"साहेब, ह्या शुक्रवारी खंडेनवमी होती."

मी म्हणालो, मग?

"त्या दिवशी कटरला हार घातलेला होता. मीच हळदकुंकू लावलंय त्याला. खंडेनवमीला कोणी मशीन चालवतं का?"

त्या पानावर त्या तारखेला सहा नळ्या कापल्याची नोंद होती.

मराठवाड्यात खंडेनवमीला सुताराच्या वाकसापासून कारखान्याच्या लेथपर्यंत सगळी अवजारे धुऊन, पुसून, पूजा करून बंद ठेवतात. त्या दिवशी लोखंडाला काम सांगायचे नसते. आमच्या मुख्यालयातही शस्त्रागारात पूजा झाली होती आणि नारळ मी स्वतः फोडला होता. ती नोंदवही मी दोनदा, हवालदाराने तीनदा वाचली होती. तारीख आम्हा दोघांनाही खटकली नव्हती.

सहीबद्दल विचारले तेव्हा तिने सांगितले की सरकारी तपासणी पथक येणार म्हणून पर्यवेक्षकाने तीन महिन्यांची पाने एकदम पुढे ठेवली होती. तुमच्या सह्या राहिल्यात, असे तो म्हणाला. तिने उभ्याउभ्या सह्या केल्या. त्याच काळात ती चार दिवस रजेवर होती आणि किल्ली त्याच्याकडे देऊन गेली होती. हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले.

"तुम्ही सही कोणाची ते विचारलं. माझी हाय म्हणून सांगितलं."

तिच्या शब्दावर तपास चालत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याची हजेरी मागवली. खंडेनवमीला पूजेनंतर साडेदहाला सगळ्यांना सुटी दिलेली होती. एका कामगाराच्या फोनमध्ये त्या दिवशी सुटी होताना काढलेले छायाचित्र मिळाले. कटरवर झेंडूचा हार, पात्याखाली लिंबू. पर्यवेक्षक शेजारी उभा होता.

तेच छायाचित्र चौकशीत त्याच्यापुढे ठेवले. त्याने आधी स्वतःकडे पाहिले, मग कटरकडे. पाणी मागितले. मी नोंदवही उघडून त्या पानावर बोट ठेवले. 

"एका बैठकीत लिहिलं, साहेब," तो म्हणाला. "शुक्रवार मोजत गेलो. सण ध्यानात आला नाही."

मग त्याने पुढचे सांगितले. सहा नळ्या त्याने भंगाराच्या गाडीतून उदगीरला पाठवल्या होत्या. मोटारवाला दहा दिवसांनी नायगावला बहिणीच्या घरी सापडला. त्याच्याकडून आणि दोन गिऱ्हाइकांकडून चार नळ्या जप्त झाल्या. चारही नळ्यांवर खरवडलेल्या लाल रंगाच्या खुणा होत्या. मुखेडची धरून पाच झाल्या. सहावी मी निवृत्त होईपर्यंत मिळालेली नव्हती.

अटकेचे कागद मी फाडले नाहीत. ते रद्द करत असल्याचा शेरा कारणासह लिहिला आणि फाइलला लावला. माणूस ज्या कामात मुरलेला असतो, त्या कामाचा कागद आधी त्यालाच वाचायला द्यावा, ही सवय मला त्या दिवसापासून लागली. तोवर मी लोकांना कागद फक्त सही ओळखण्यासाठी दाखवत होतो.

दोषारोपपत्रात अक्का साक्षीदार क्रमांक चार होत्या. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले की नळ्या कापलेल्या पाहिल्या नसताना सही कशी केली. त्या म्हणाल्या, "नळ्या तपासल्या. कागद तपासला नाही." न्यायालयाने उत्तर तसेच नोंदवून घेतले.

पर्यवेक्षक आणि मोटारवाला, दोघांनाही शिक्षा झाली. जखमीविरुद्ध विनापरवाना शस्त्राचा वेगळा खटला चालला. न पाहता सही केल्याच्या कारणावरून कारखान्याने अक्कांना त्याआधीच कामावरून कमी केले होते. निकालानंतर त्यांनी कामावर परत घेण्यासाठी अर्ज दिला. त्या अर्जावर उत्तर आले नाही.