तेल न पाजलेल्या वहाणा

माणसाची योग्यता त्याच्या चालण्यावरून ओळखावी, असे मी पुष्कळ विद्वानांच्या तोंडून ऐकले आहे. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात त्यासाठी माणसाकडे पाहावेही लागत नसे. तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्याची योग्यता घरात बसून ऐकू येई.

कापसाच्या तेजीतली ही गोष्ट. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे विलायतेला आमचा कापूस लागत होता. लढाई कोणाची कोणाशी, हे गावात कोणालाही सांगता आले नसते. ती लवकर संपू नये, याबद्दल मात्र एकमत होते. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. ज्यांचे बाप जन्मभर अनवाणी चालले, त्यांच्या पायांत करकरणाऱ्या वहाणा आल्या. ही करकर आपोआप होत नसे. तळाच्या कातड्यांमध्ये काहीतरी भरून मोची ती मुद्दाम आणीत, आणि ज्याची वहाण जास्त वाजे तो माणूस जास्त मोठा. अट एकच होती, वहाणेला तेल पाजायचे नाही. कोरे कातडे वाजते. तेल प्यालेले कातडे मऊ होते आणि गप्प बसते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन अमरावतीला गेला आणि येताना दोन जोड घेऊन आला. स्वतःसाठी लाल गोंड्यांच्या, दगडासारख्या टणक वहाणा आणि वहिनीसाठी कलाबतूचे काम केलेल्या, नाजूक. आमच्याकडे सुनेने सासऱ्यासमोर, किंवा गावातल्या कोणाही वडीलधाऱ्यासमोर, पायात काही घालून जायचे नसते. समोरून कोणी आले की काढून पदराखाली धरायचे. गावात वहिनीला सासऱ्याच्या नात्याचा नाही असा पुरुष शोधूनही सापडला नसता. तेव्हा तिच्या वहाणा मिरवायला उरली ती फक्त शेताची वाट, आणि तिथे पाहायला बुजगावणे होते.

दादाने मात्र आठवडाभर अंगणात सराव केला. धोतर थोडे वर नेसायचे, म्हणजे गोंडा दिसतो. टाच आपटून चालायचे. थांबताना एक पाऊल पुढे सोडायचे, जणू ते आपले नाहीच. आठवडा संपायच्या आत त्याचा अंगठा आणि टाच सोलून निघाली.

"एरंडीच्या तेलात रातभर ठेवा न त्याइले," वहिनी म्हणाली. "पाय पाहा आपला कसा झाला."

"तेल पाजलं का मुक्या होतात," दादा म्हणाला. "मुक्याच पायजेन होत्या तं जुन्या का वाईट होत्या?"

वैशाखात बार्शीटाकळीला वहिनीच्या मामाच्या घरी लग्न होते. आकोल्यावरून आमचा छकडा तिकडे वळला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. दादाने गाव दिसताच, बरेच अलीकडे, छकडा थांबवला. बसून आलो तर वहाणा कोणाला ऐकू येणार, हे त्याचे म्हणणे. तो पुढे, करकरत. मागे वहिनी. वेशीतल्या पारावर मामाकडची म्हातारी माणसे बसलेली दिसली तशी तिने, इथे ती सून नसतानाही, सवयीने आपल्या वहाणा काढून पदराखाली घेतल्या आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी चालू लागली. नवऱ्याच्या पायांत वहाणा होत्या म्हणून तो लंगडत होता आणि बायकोच्या पायांत नव्हत्या म्हणून ती उड्या मारत होती. आमच्या घराची सुबत्ता अशी गावात शिरली.

मामांनी मांडवाच्या दारात कान टवकारले. "गाडी बाहेर सोडली म्हन्ता जवाईबापू, मंग मांडवात कावून वाजून राहिली? वंगण नाई का घरी?"

लोक हसले. दादाही हसला. त्याने ही स्तुतीच धरली होती. जेवायला पंगतीत बसताना वहाणा काढाव्या लागल्या, तेव्हा तो उजवा पाय धोतरात ओढून बसला. उठल्यावर पाटाजवळच्या सारवणावर ओला लाल डाग होता. वहिनीने पाण्याचा तांब्या त्यावर उपडा केला आणि आपल्याच हातून सांडला, असे बोलून दाखवले.

घरी परतल्यावर मायने जखमेवर हळद दाबली. दादा त्याच पायाने वहाणा घालून आकोल्याच्या बाजारात जाऊन आला. मग टाच काळी पडू लागली, तेव्हा मायने राख आणि शेण कालवून लेप बांधला. त्या काळी सगळे हेच करीत, आणि कोणाच्याही मनात वाईट नसे.

एका सकाळी त्याला भाकरीचा तुकडा तोंडात घालता येईना. दातखीळ बसली होती. माय म्हणाली वारे लागले असेल. दर्यापूरचे वैद्य आले. त्यांनी पायाकडे पाहिले, मानेला हात लावला, आणि बाहेर येऊन बाबांना सांगितले, "धनुर्वात आहे. कोणी जोरात बोलू नका. भांडे वाजू देऊ नका. आवाज झाला की झटका येईल, आणि प्रत्येक झटक्यात जीव जाण्याची भीती."

भीती वाटली त्याहून लवकर खरी झाली. अंगणात माझ्या हातून घागर कठड्याला लागली, तर आत दादाचे शरीर टाचांवर आणि डोक्यावर उचलून धनुष्यासारखे ताणले गेले. डोळे उघडे, शुद्ध पूर्ण. ओरडावे तर तोंड उघडत नव्हते.

भेटायला माणसे येऊ लागली. तेजीच्या वर्षांत गावात भेटायला येणे म्हणजे काय, हे वर सांगितलेच आहे. गल्लीच्या तोंडाशी पहिली करकर ऐकू आली आणि खाटेवर दादाचे बोट न बोट आवळले.

वहिनी उठली. डोक्यावर पदर घेऊन ती भर उन्हात गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, ज्यांच्यासमोर आजवर तिने आवाज काढला नव्हता, त्यांच्या वाटेत.

"वहाणा काढा," ती आमच्या चुलत आजोबांना म्हणाली. "आवाज सोसत नाई त्याइले."

"सासऱ्याले जोडे काढाले लावते?"

"लावतो," वहिनी म्हणाली. "शिव्या मंग द्या. हळू द्या."

त्यांनी काढल्या. त्यानंतर आलेल्या सगळ्यांनीच काढल्या. गल्लीच्या तोंडाशी नव्या वहाणांची रांग लागली आणि गावातली मातब्बर माणसे धोतरे सावरत, टाचा उचलत, तापलेल्या मातीवरून आमच्या दाराशी येत राहिली. वहिनी संध्याकाळपर्यंत हलत नसे. पायात काही घालावे, हे तिला सुचले नाही; आता वहाणा घातल्या असत्या तरी कोणी बोलले नसते.

तिने आवाज अडवले, पण माशा, मेघांचा गडगडाट आणि शेजारचे तान्हे मूल अडवणे तिच्या हाती नव्हते. एका दुपारी आभाळ वाजले. दादा त्यातून परत सैल झालाच नाही.

लढाई संपल्याची बातमी गावात आली तेव्हा आमच्याकडे सुतक होते, त्यामुळे कापसाचे काय होणार यावर रडायला लोक दुसरीकडे गेले.

तेराव्याला मृताच्या नावाने भटजींना छत्री आणि जोडे दान द्यायचे असतात. वरच्या वाटेवर माती तापलेली असते म्हणतात. जोडे नवे हवेत. बाबांनी लाल गोंड्यांचा जोड पुढे ठेवला आणि म्हणाले, "नव्यासारख्याच हायेत. मोठ्या हौसेनं आणल्या होत्या त्यानं."

भटजींनी त्या घरी नेल्या आणि एरंडीच्या तेलात रातभर ठेवल्या. त्या त्यांनी पुढे पाच-सहा वर्षे वापरल्या, आणि पायाला कधी लागल्या नाहीत.