बाईंचा उजवा हात

कवायतीच्या बाईंना डावं-उजवं कळत नाही, हे शाळेच्या शिपायापासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दोष आपला नाही, धंद्याचा आहे, असं बाई म्हणत. उभी हयात त्यांनी मुलींकडे तोंड करून कवायत घेतली. तोंडाने ‘उजवा हात वर’ म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा, म्हणजे समोरच्या मुली आरशात बघितल्यासारखा बरोबर हात उचलतात. ही सवय अंगात इतकी मुरली की निवृत्तीनंतरही टॅक्सीत ‘उजवीकडे घ्या’ म्हणत आणि बोट डावीकडे दाखवत. टॅक्सीवाला बिचारा सरळ जाई.

अशा बाईच्या हाती दादाने आपलं विमान दिलं, यावरूनच त्याच्यावर काय वेळ आली होती ते समजावं.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. रिमोटवर उडणारी, हवेत कोलांट्या मारणारी विमानं बनवायचं त्याला वेड. हे नवं विमान त्याने वर्षभर खपून केलं होतं आणि कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. पण मोतीबिंदू काढल्यापासून त्याला लांबच्या झाडावरचा कावळा दिसे, हातातला स्क्रू दिसत नसे. जवळचा चष्मा यायचा होता. तेवढा दम दादाला कुठला!

“ठमे, डोळे तुझे, डोकं माझं,” तो म्हणाला.

“म्हणजे माझं डोकं नकोच?”

“नकोच. घरीच ठेव.”

“घरीच तर आहे मी.”

जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या पट्ट्या. प्रत्येकीला एक चिमुकली मोटर आणि मोटरला पट्टीशी जोडणारी बारीक सळई. आधी सगळं मधोमध आणायचं. मोटरचा दांडा सळईशी काटकोनात ठेवायचा. मग पट्टी जितकी वर जाते तितकीच खाली गेली पाहिजे. बाई कोनमापक लावून बसल्या. कित्येक दिवसांत त्यांच्यापुढे कोणी इतकं ताठ उभं राहिलं नव्हतं. एका पट्टीला तर त्यांनी “हात सैल सोडू नकोस” म्हणून दटावलंही.

“आता शेपटीमागे उभी राहा,” दादा म्हणाला. “मी रिमोटची काडी उजवीकडे देतोय. उजवी पट्टी वर गेली पाहिजे. गेली?”

“खाली गेली.”

“मग रिमोटमध्ये दिशा उलटी कर.” बटण कुठलं, तेही त्याने सांगितलं. बाईंनी ते दाबलं.

“आता वर,” बाई म्हणाल्या. दादा खूश झाला. बाई तर स्वतःवर भलत्याच खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोकळ्या मैदानावर गेले. विमान गवतावर ठेवलं. पंखा सुरू करण्याआधी दादाने पुन्हा विचारलं, “उजवी वर?”

“वर!” म्हणत बाईंनी हात करून दाखवला. त्या हातावर घड्याळ होतं. घड्याळ तर त्या डाव्या हातात बांधत.

म्हणजे काल टेबलावर त्यांनी उजवी म्हणून डावीच पट्टी पाहिली होती. या पट्ट्या उलट्या असल्या तर विमान उठल्या उठल्या कलंडतं आणि जमिनीवर आपटतं. दादाचं अख्खं वर्ष त्या गवतात विखुरलं असतं.

“दादा, थांब. माझं उजवं डावं आहे.”

“शाळेतल्या मुली भिंतीवर कशा नाही आपटल्या गं?”

“त्या समोर असायच्या.”

“मग याच्याही समोर जा!”

बाई विमानाच्या नाकासमोर उभ्या राहिल्या, “उजवा हात वर!” म्हणाल्या आणि घड्याळाचा हात उचलला. दादाने काडी उजवीकडे दिली. विमानाने नेमका दुसरा हात उचलला. वर्गाने हुकूम मोडला होता आणि शिक्षा मात्र बाईंनाच व्हायला हवी होती. त्यांनी मुकाट्याने तेच बटण पुन्हा दाबलं.

विमान उडालं. दोन कोलांट्या मारून ते नाक रोखून त्यांच्याकडेच येऊ लागलं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं दिसतं. तिथे भल्याभल्यांची गाळण उडते. एक पंख कलला आणि दादा गांगरला.

“उजवा पडतोय!” बाई ओरडल्या. तोंडातून आपसूकच निघालं, घड्याळाच्या हाताकडे बघून.

दादाने काडी डावीकडे दिली. पंख सरळ झाला. विमान डोक्यावरून गेलं, वळलं आणि गवतावर अलगद टेकलं.

दादाने रिमोट खाली ठेवला. घाम पुसत म्हणाला, “ठमे, पुढच्या खेपेला विमान जाताना तू तोंड उघडायचं नाहीस.”

“आणि येताना?”

“येताना मी उघडणार नाही.”