दुखतंय त्याचं नाव

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे तोफबाई म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. त्यांनी "पुढे या" म्हटलं की शेजारची औषधांची रांगसुद्धा पुढे सरकायची. खिडकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिथे कॉम्प्युटर आला आणि मोठ्या डॉक्टरांनी बजावलं: जमलं तर ठीक, नाहीतर चादरींच्या कोठीत बदली. कोठीत बोलायचं कुणाशी, उशांशी?

बाईंनी कंबर कसली. रोज संध्याकाळी सून शिकवायची, सासू शिकायची. उभ्या जन्मात जिने सुनेचं एक ऐकलं नाही, ती निमूट ऐकू लागली. मुलगा तोंडात घास तसाच धरून बघत राहायचा.

पहिला दिवस झकास चालला होता. तेवढ्यात सोनोग्राफीतून फोन: गरोदर बाईच्या केसपेपरवरचं नाव पुकारलं, तर मिशाळ आजोबा आत येऊन उभे! घ्या! लेकीला घेऊन आलेल्या आजोबांना बाईंनी विचारलं होतं "नाव?", आणि त्यांनी इमानदारीत स्वतःचं सांगितलं होतं. कागद होता तेव्हा नर्स पेनाने खोडून दुरुस्त करायची. आता चूक क्षणात दवाखानाभर पोचत होती, आणि शोधल्यावर तशा आणखीही निघाल्या. मोठ्या डॉक्टरांनी कोठीचा विषय काढला. पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. आजचा दिवस द्या म्हणाल्या, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तोफ डागली.

"तुमचं नाव नको. दुखतंय त्याचं नाव सांगा."

रांग हसली, पण समजली. नवा माणूस आला की पुढचाच त्याला पढवून ठेवू लागला. त्यानंतर एकही नाव चुकलं नाही.

दुपारी खुद्द मोठे डॉक्टर आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन रांगेत आले. नंबर लागताच सवयीने स्वतःचं नाव सांगून मोकळे झाले. मागून अख्खी रांग ओरडली, "दुखतंय त्याचं!"

डॉक्टर ओशाळून हसले, आईचं नाव सांगितलं. छापील केसपेपर घेताना म्हणाले, "कोठीसाठी दुसरं कुणी बघतो. तुम्ही इथून हलू नका."

बाईंना आनंदाने आभाळ ठेंगणं झालं. घरी पोचल्या त्या थेट सुनेच्या गळ्यात पडल्या.

"आपण जिंकलो," त्या म्हणाल्या. सासू-सुनेचा पक्ष एकच असल्याचं मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.